मदत हवी आहे : कंपनीच्या लोगोच्या वस्तूंसाठी सल्लागार कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी,

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रशासन विभागात आहे. सात आठवड्यांनी कंपनीचा वर्धापनदिन आहे आणि ६०० जणांना द्यायच्या वस्तूंचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सगळ्यांना टी-शर्ट आणि पाण्याची बाटली, शिवाय मोजक्या ग्राहकांसाठी जरा बरं काहीतरी. "त्यात काय, लोगो छापायचा आणि वाटायचं," असं साहेब म्हणाले. मी नुसती हसले, कारण गेल्या वर्षी मलाही असंच वाटलं होतं.

गेल्या वर्षी काय झालं ते थोडक्यात सांगते. चार कोटेशनं मागवली, सगळ्यांत कमी दराचं घेतलं, कॉम्प्युटरवर प्रूफ (छपाईआधी मंजुरीसाठी पाठवतात ते चित्र) बघितलं आणि मेलवर 'ओके' लिहून मोकळी झाले. टी-शर्ट आले तर आमचा निळा चक्क जांभळट. बाटल्यांवरचा लोगो चार धुण्यांत पापुद्र्यासारखा सुटला. वर २० टी-शर्ट कमी. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, प्रूफ तुम्हीच पास केलंय." आणि ते खरंच होतं! बोलायला जागाच उरली नाही.

म्हणून यंदा थेट व्हेंडर न गाठता या कामातला जाणकार माणूस मध्ये घ्यायचं ठरवलंय. आतापर्यंत तिघांशी बोलले.

पहिल्याने पाच मिनिटांत अडीचशे पानांचा कॅटलॉग पाठवला आणि एकच प्रश्न विचारला, "बजेट किती?" दुसऱ्या एक बाई आहेत. त्या सल्ल्याची वेगळी फी घेतात, वस्तू हव्या तिथून घ्या म्हणतात, आणि त्यांच्या नावापुढे 'एमएएस' असं लिहिलेलं आहे. तिसऱ्याचा स्वतःचा छपाईचा कारखाना आहे. टी-शर्ट स्वतः करतो, बाटल्या बाहेरून करून घेतो, हे त्याने न विचारताच सांगितलं. पण मी लोगोची जेपीजी पाठवली तर "ही चालणार नाही" म्हणून परत पाठवली. जरा तुसडाच वाटला.

तर त्या एमएएसला खरंच काही किंमत आहे का? फी देणं बरं की नुसत्या वस्तूंचे पैसे? आणि मुख्य म्हणजे, माणसाला काम येतं की नुसतं बोलणं येतं, हे मला या धंद्यातलं काही कळत नसताना कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

मी खरेदी विभागात आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

एमएएस म्हणजे मास्टर ॲडव्हर्टायझिंग स्पेशालिस्ट. पीपीएआय ही या व्यवसायाची अमेरिकेतली जुनी संघटना, १९०३ पासूनची. तिचं हे प्रमाणपत्र आहे. त्याच्या खालची पायरी सीएएस. एएसआय नावाची दुसरी संस्थाही अशी प्रमाणपत्रं देते, त्यांची अक्षरं बीएएसआय आणि एमएएसआय. ही अक्षरं अभ्यासक्रम आणि कामाचा अनुभव यांवर मिळतात, त्यामुळे अगदीच शोभेची नाहीत. मात्र संघटनेचं सभासदत्व वेगळं आणि प्रमाणपत्र वेगळं. कार्डावर नुसता संघटनेचा शिक्का असेल तर वर्गणी भरलीय इतकंच कळतं. प्रमाणपत्र आजही चालू आहे का, हे संघटनेकडे विचारून घ्या. आणि ज्याच्याकडे ते नाही तो अडाणी, असंही समजू नका.

फीचं म्हणाल तर फुकट सल्ला कोणीच देत नाही. वेगळी फी न घेणारा वस्तूच्या दरात आपलं मार्जिन धरतो, फी घेणारा ते उघड मागतो. दोन्ही रीती चालतात. गोची होते ती तुमच्याकडून फी आणि पुरवठादाराकडून कमिशन, असं दोन्हीकडून घेतलं जातं तेव्हा. तोंडावर विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

प्रतिसाद २

ताई, अठरा वर्षं छपाईत काढलीत, त्यामुळे लांबेल. चहा घेऊन बसा.

ज्याला तुम्ही तुसडा म्हणताय त्याच्याकडे परत जा! जेपीजी नाकारणारा माणूस काम जाणतो. जेपीजी म्हणजे ठिपके, मोठं केलं की कडा फाटतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये लोगोतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट लागते, म्हणून रंग सुटे करता येतील अशी व्हेक्टर फाईल हवी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी काढलेली. एआय, ईपीएस, सीडीआर या फॉरमॅटमधली, नाहीतर व्हेक्टरमध्ये काढलेली पीडीएफ. तुमचा लोगो ज्याने बनवला त्याच्याकडे ती असणार. आजच मागवा.

आता निळ्याचं जांभळं का झालं? माल न बघता छातीठोक सांगत नाही, पण दोन शक्यता दिसतात. मॉनिटरवरचा रंग उजेडाचा असतो, कापडावरचा शाईचा, आणि दोन मॉनिटरांवर एकच निळा सारखा दिसत नाही. म्हणून रंग डोळ्यांनी नव्हे, पँटोन नंबराने (छापील रंगपट्टीत प्रत्येक छटेला दिलेला क्रमांक) ठरवतात. तुमच्याकडे नंबर कोणी मागितलाच नसेल. दुसरं, टी-शर्ट गडद किंवा रंगीत होता का? गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर खालचा रंग वर डोकावतो. तो थर म्हणजे एक स्क्रीन जास्त. सगळ्यांत कमी दर कुठून निघाला असेल, ते आलं का लक्षात?

स्टीलची बाटली गुळगुळीत असते, साधी शाई तिला धरत नाही. त्या कामाची शाई वेगळी, ती पक्की करायची रीतही वेगळी. लेझरने कोरलं तर आयुष्यात निघणार नाही, पण मग रंग विसरायचा, लोगो धातूच्या रंगात येतो. म्हणजे जाणकार माणूस बाटलीचं नाव काढल्याबरोबर विचारणार, "लोगो रंगीतच हवा का?" भरतकामात साधारण ५ मिलिमीटरपेक्षा बुटकी अक्षरं धाग्याने बुजतात, तिथे लोगोखालचं बारीक घोषवाक्य काढून टाकावं लागतं. सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात उतरवायची छपाई) छान दिसतं, पण पॉलिएस्टरवर आणि तेही फिक्या रंगावर. सुती कापडावर धुतलं की गेलं.

हे सगळं तुम्ही पाठ करायची गरज नाही. तिघांनाही एकच प्रश्न विचारा : "आमच्या लोगोसाठी कोणती छपाई करू नये, आणि का?" काय करता येईल ते कोणीही सांगतो. काय करू नये ते हात भाजलेल्यालाच माहीत असतं.

आणि मॉनिटरवरचं प्रूफ हा नमुना नव्हे. 'आधी केलेल्या कामाचा' म्हणून दाखवतात तो दुसऱ्याचा लोगो असलेला पेनही नमुना नव्हे. तुमचाच लोगो, त्याच कापडावर, त्याच रंगात, त्याच छपाईने केलेला एक नग हातात येईपर्यंत 'ओके' लिहू नका. आला की धुवा, घासा, नखाने खरवडा. यासाठी वेगळे पैसे मागितले तर द्या. सात आठवडे असतील तर हे आरामात बसतं. तीन आठवड्यांवर आलात की सगळे म्हणतात "विश्वास ठेवा हो".

ते २० कमी कसे आले, तेही सांगतो. छपाईत काही नग बाद होतात, म्हणून बरेच जण अटींमध्ये ५ टक्के कमी-जास्त असं बारीक अक्षरात लिहून ठेवतात. ६०० वर ५ टक्के म्हणजे ३० माणसं टी-शर्टाविना. 'एकही नग कमी चालणार नाही' हे ऑर्डरमध्येच लिहा.

प्रतिसाद ३

ग्राहकांच्या भेटीसाठी पॉवर बँक सुचवली जाईलच, म्हणून आगाऊ सांगते. डब्यावर १०००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टचं. ५ व्होल्टला बाहेर पडताना हिशेबानेच ७४०० होतं, गळती धरली की आणखी कमी. शिवाय विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, सामानात टाकता येत नाही. पाहुणे विमानाने येणार असतील आणि सल्लागार यातलं काहीच बोलला नाही, तर त्याने फक्त कॅटलॉग वाचलाय.

प्रतिसाद ४

साइझ! सगळ्या साइझ सारख्या संख्येने मागवू नका. आमच्याकडे एक्सएसचा गठ्ठा अजून कपाटात पडलाय. आधी यादी करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. चहा दोनदा झाला.

तिघांनाही तो प्रश्न विचारला. पहिला म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे सगळं होतं." संपलं.

बाईंनी उत्तराआधी मलाच अर्धा तास प्रश्न विचारले. वस्तू कोण वापरणार, घरी की ऑफिसात, पाहुणे ती नेणार कशी, वस्तूवर साल छापायचं आहे का (उरलेला माल पुढच्या वर्षी वाया जातो म्हणे, हे तर डोक्यातच आलं नव्हतं). कमिशनचं विचारलं तेव्हा जरा थांबल्या, मग म्हणाल्या की काही पुरवठादारांकडून मिळतं. तसं मेलवरही लिहून दिलं. खरं सांगू का, कमिशन घेतात म्हणून आधी मन खट्टू झालं, पण लपवलं नाही हे बरं वाटलं.

तिसऱ्याने व्हेक्टर फाईल बघून दोन वाक्यांत सांगितलं की घोषवाक्य भरतकामात येणार नाही आणि बाटलीवर निळ्याचा हट्ट सोडा, लेझर करा. टी-शर्टाचं कापड किती जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) हवं तेही विचारलं. साहेबांना बाटलीवर निळाच हवा होता. त्यांना मी गेल्या वर्षीची बाटली दाखवली.

तर टी-शर्ट आणि बाटल्या तिसऱ्याकडे द्यायचा विचार आहे, ग्राहकांच्या भेटींपुरती बाईंची फी भरायची. आमच्या लोगोची एक बाटली आणि एक टी-शर्ट कालच आला. टी-शर्ट तीनदा धुवून झालाय, बाटली रोज तारेच्या घासणीने घासतेय. पुढच्या आठवड्यात 'ओके' लिहीन, तोवर कोणाला आणखी काही सुचलं तर सांगा.

प्रतिसाद २

टी-शर्ट उलटा करून इस्त्री करून बघा. छपाई चिकटली तर 'ओके' लिहू नका.