मिंगलानचं नवऱ्यावर प्रेम आहे का नाही? अन् दरबाराचे एपिसोड सोडून दिले तर चालते का?

रानजाई (आर्वी तालुका)

रामराम मंडळी. मी सध्या 'द स्टोरी ऑफ मिंगलान' ही चिनी सिरियल पाहून राहिली, यूट्यूबवर, इंग्रजी सबटायटल वाचत वाचत. ७३ एपिसोड आहेत, कापसाची वेचणी सुरू आहे म्हणून रात्री जेवणं झाल्यावरच टाइम भेटते, पण सोडवत नाही. मिंगलान लग्न होऊन गू टिंगयेच्या घरी आली, त्याच्या बरीच पुढं पोचली मी.

आता माझं विचारणं असं आहे की ह्या बाईचं नवऱ्यावर प्रेम आहे का? तो जीव टाकते तिच्यावर. अन् ही सगळं कसं बरोबर करते, हिशोब पाहते, त्याच्या आधीच्या पोरीले सांभाळते, सासूचे डाव ओळखते, पण कधी जळत नाही, कधी रुसत नाही. त्याची आधीची बाई झू मानन्यांग, तिचा विषय निघाला तरी ही थंड डोक्यानं बोलते. तो शेवटी तिच्यावर चिडते तेच ह्याच्यासाठी, की तू बायको म्हणून कुठंच कमी पडत नाहीस पण माझ्यासाठी तुझ्या मनात काही आहे का नाही. तो सीन पाहून मले झोप नाही आली, कारण मले दोघंही खरे वाटले.

अन् दुसरं, दरबारात काय चालू आहे? सम्राटानं आपल्या मेलेल्या बापाले बाप म्हणावं का काका म्हणावं ह्यावर म्हातारे म्हातारे अधिकारी रडून राहिले, गुडघे टेकून राहिले, एवढं काय आहे त्याच्यात? ते एपिसोड पुढं ढकलून फक्त घरचं पाहिलं तर चालते का? कोणी पूर्ण पाहिलं असेल तर सांगा, पण शेवट नका सांगू बाप्पा.

वहिनी_पुसद

रानजाई, मी पूर्ण पाहिली अन् निम्मी परत पाहिली. प्रेम आहे, भरपूर आहे, पण तू ते चुकीच्या जागी शोधून राहिली असं मले वाटते.

मिंगलान लहान असताना तिची माय बाळंतपणात गेली ते आठव. गेली म्हणजे जाऊ दिली. लिन नावाच्या दुसऱ्या बाईनं डाव केला, सुईण वेळेवर पोचू दिली नाही, अन् बाप घरचाच असून त्याले काही दिसलं नाही, कारण त्याचा लिनवर जीव होता. म्हणजे पुरुषाचा जीव एका बाईवर जडला की दुसऱ्या बाईचा जीव जाते हे ह्या पोरीनं डोळ्यानं पाहिलं. मग आजीनं वाढवलं तिले, अन् तिथं ती हुशारी लपवून राहायले शिकली. अशी पोरगी नवऱ्यासाठी जळून दाखवणार कुठून? जळणं म्हणजे तिच्या हिशोबी स्वतःची दोरी दुसऱ्याच्या हाती देणं आहे. अन् तिले भांडता येत नाही असंही नाही, लग्नाच्या आधी हीच मानन्यांग मैत्रिणीच्या दारात येऊन रडून-पडून नाटक करत होती तेव्हा मिंगलाननं तिले काय फाडली होती! मैत्रिणीसाठी भांडते, आजीसाठी जीवावर उदार होते (तो भाग तुझा अजून यायचा असेल तर मी काही बोलली नाही), पण स्वतःसाठी काही मागणं तिले कोणी शिकवलंच नाही.

अन् गू टिंगयेचं पाय. त्याची माय मिठाच्या व्यापाऱ्याची पोरगी होती, यांगचौकडची, बाय घराण्याची. गू घराणं सरकारच्या पैशात अडकलं होतं तेव्हा ह्या पोरीले सून करून आणली, तिच्या पैशानं घर वाचवलं अन् वरून तिलेच हलकी समजले. पुढं सावत्र माय छिन बाई वरून गोड गोड बोलून त्याचे इतके लाड करते की पोरगं बिघडलं पाहिजे अन् दोष कोणाले देता येऊ नये. अशा घरातून निघालेला माणूस जेव्हा बायकोच्या हाती घरचा सगळा कारभार देते अन् पुढं ढवळाढवळ करत नाही, ते मले कोणत्याही गुलाबाच्या फुलापेक्षा मोठं वाटते. आमच्या इकडच्या खटल्याच्या घरात राहिलेल्या कोणत्याही बाईले विचार, नवरा किती गोड बोलते हे ती सांगत नाही, कपाशीचे पैसे आले का तो ते कोणाच्या हाती ठेवते हे सांगते.

फक्त एक, लग्न जुळवताना त्यानं जी खेळी केली ती मले आजही आवडत नाही. मागणी घातली मिंगलानच्या बहिणीसाठी, रुलानसाठी, रुलान दुसऱ्याच्या प्रेमात आहे हे माहीत असून, म्हणजे ती अडली की मिंगलान पुढं येईल. मिंगलान त्याले तोंडावर विचारते की माझ्या घरच्यांना खेळवलं तू. बरोबर विचारते. असं सुरू झालेलं लग्न भरवशावर यायले टाइम लागतेच, अन् सिरियलनं तो टाइम दिला म्हणून ती मले खरी वाटते.

जुनी_बखर (हिंगणघाट)

दरबाराचे एपिसोड अजिबात सोडू नका, हात जोडून सांगतो. घरात जे चाललं आहे तेच दरबारात चाललं आहे, फक्त माणसं मोठी आहेत.

सिरियलमध्ये नावं बदलली आहेत पण पाया खरा आहे. उत्तर सुंग राजवट, राजधानी आजचं काइफंग. तिथं रेनझोंग नावाचा सम्राट १०२२ पासून १०६३ पर्यंत गादीवर होता, फार मवाळ अन् लोकांना आवडणारा, पण त्याचा एकही मुलगा जगला नाही. त्यानं नात्यातला एक मुलगा लहानपणी वाड्यात आणला, राणी त्साओनं सांभाळला, मग १०३९ मध्ये स्वतःला मुलगा झाला तेव्हा ह्या पोराला परत बापाकडे पाठवून दिलं. तो मुलगा गेला, पुढचाही गेला. शेवटी १०६२ मध्ये ह्यालाच वारस केलं. विचार करा, ज्या पोराला एकदा घरात घेतलं, एकदा काढलं, अन् मग तिसाव्या वर्षी म्हटलं की तूच आमचा मुलगा, त्याच्या मनात काय असेल. १०६३ मध्ये तो यिंगझोंग म्हणून गादीवर आला, आल्या आल्या आजारी पडला, अन् राजमाता त्साओ पडद्याआड बसून कारभार पाहू लागली. १०६४ मध्ये मंत्र्यांनी जोर लावून तो पडदा काढायला लावला. अन् १०६५ मध्ये हा वाद पेटला, जन्म देणाऱ्या बापाला कोणता मान द्यायचा.

आता ह्यात एवढं काय ते सांगतो. तो गादीवर बसला तो रेनझोंगचा मुलगा म्हणून. जर त्यानं जन्माच्या बापालाच बाप मानलं तर रेनझोंग कोण राहिला, अन् मग राजमाता कोणाची माता? तिचा सगळा अधिकार 'मी सम्राटाची आई' ह्या एका नात्यावर उभा. सिमा ग्वांगसारखे अधिकारी म्हणत होते की दत्तक गेला तो गेला, जन्माचा बाप आता काका. हान ची अन् ओयांग शिऊ म्हणत होते की जन्मदात्याला कोणी कसा नाकारेल. शेवटी सम्राटाची बाजू वर राहिली, विरोध करणाऱ्या कित्येकांना राजधानीबाहेर धाडलं, अन् तो स्वतः १०६७ मध्ये वारला.

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले आले तेच मुळात दत्तक, दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, वय लहान, म्हणून बाकाबाईसाहेब कारभार पाहत होत्या. अन् १८५३ मध्ये ते औरस वारस नसताना गेले तेव्हा डलहौसीनं दत्तक मानला नाही अन् १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. दत्तक मान्य का अमान्य एवढ्या एका प्रश्नावर आपलं अख्खं राज्य गेलं, मग तिकडे लोक गुडघे टेकून रडत असतील तर मला ते अगदी समजतं.

आता हे घरी आणून जोडा. मिंगलान दुसऱ्या बाईच्या पोटची, म्हणून रीतीप्रमाणे तिची आई म्हणजे बापाची लग्नाची बायको वांग बाई, जन्म देणारी नाही. जन्माच्या आईला ती चारचौघांत आई म्हणून मान देऊ शकत नाही, तिच्या मरणाचा जाब मागू शकत नाही. गू टिंगयेच्या आईचंही तेच. म्हणजे सम्राट जे मागतो आहे तेच ह्या नवरा-बायकोच्या पोटात लहानपणापासून जळतं आहे, अन् गू टिंगये सम्राटाच्या बाजूनं का उभा राहतो हे तुम्हाला फक्त राजकारणानं नाही कळणार. ते एपिसोड सोडले तर त्याचं निम्मं मन सुटतं.

अजून एक सांगतो, हे माझं फार आवडतं आहे. त्या खऱ्या यिंगझोंगची राणी गाओ ही राजमाता त्साओची सख्खी भाची, तीही लहानपणी वाड्यातच वाढली, म्हणजे दोघं बरोबरचे. पुढं तो सम्राट झाल्यावर राजमातेनं निरोप धाडला की आता त्याच्याजवळ दुसऱ्या बायका असायला पाहिजेत, तर जुन्या चिनी लिखाणात अशी आठवण सांगतात की तिनं उत्तर पाठवलं, मी लग्न त्या घरातल्या तेराव्या मुलाशी केलं होतं, सम्राटाशी नाही. मिंगलान जे बोलत नाही ते हिनं बोलून दाखवलं.

रेंज_नाही (चामोर्शी)

मी पण पाहिली, हॉस्टेलला असताना वायफायवर, गावी आलो की रेंज जाते. बखर सरांचं वाचून भारी वाटलं, हे माहीतच नव्हतं.

पण मला गू टिंगयेबद्दल बोलायचंय. तो बायकोला म्हणतो तू जळत का नाहीस, अरे पण तुझा इतिहास काय आहे? जळणारी, रडणारी, तुझ्याशिवाय मरेन म्हणणारी बाई तुला आधी भेटली होती, मानन्यांग, ते सगळं नाटक होतं आणि त्या नाटकाच्या पायी तुझा बाप तुटला, घर तुटलं, पोरगं गेलं. त्याच्यावरून तरी कळायला पाहिजे होतं ना की जी बाई गाजावाजा करत नाही तीच टिकते. पण नाही कळत, आणि ते मला पटतं पण, माणसाला कळतं सगळं आणि पाहिजे तरी तेच असतं.

आणि ची हेंगला लोक बावळट म्हणतात ते मला अजिबात सहन होत नाही. त्याचं मिंगलानवर मनापासून होतं. आईचा विरोध होता तरी तो अडून बसला होता, पण त्या राजघराण्याच्या पोरीचं त्याच्यावर मन गेलं आणि तिच्या घरच्यांनी त्याच्या बापाला धरून ठेवलं, मग काय करणार तो? बापाला मरू देणार? आणि त्याच पोरीनं जळून जाऊन रोंग घराण्याच्या मुलीला पळवून नेलं, ती मुलगी घरी येऊन जीव देते, तिचा भाऊ सैन्यात मोठ्या हुद्द्यावर, तो दुसऱ्या राजपुत्राला जाऊन मिळतो आणि रातोरात बंड होतं, राजवाड्यात रक्त. म्हणजे एका मुलीचं जळणं अख्ख्या राजधानीला भोवलं. रानजाई, तुम्ही म्हणता मिंगलान जळत नाही, तिनं हे सगळं त्या शहरात राहून पाहिलंय हो.

बाय द वे मिंगलान आणि गू टिंगये करणारे दोघं, झाओ लियिंग आणि फेंग शाओफेंग, यांनी सिरियल लागायच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, खरंच लग्न केलं होतं. २०२१ मध्ये वेगळे झाले. मला ते कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं, आठवडाभर सिरियल लावली नाही.

रानजाई (आर्वी तालुका)

किती लिहिलं तुम्ही सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं अन् एकदा जावेले वाचून दाखवलं. जन्माच्या आईचं अन् सम्राटाच्या बापाचं एकच दुखणं आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं, मी तर ते म्हातारे आले का पुढं ढकलत होती. काल परत मागं जाऊन पाहिलं, ची हेंग दरबारात उभा राहून सम्राटाच्या विरोधात बोलते अन् गू टिंगये समोरच्या बाजूले, दोघांच्या मधात दरबार अन् मिंगलान दोन्ही आहेत, आता अंगावर काटा आला.

वहिनी, एक विचारू? झांग घराण्याची जी पोरगी राणीच्या भावाले दिली, तिचं काय? सम्राटानंच लग्न लावलं, तिकडं त्या भावाच्या घरात त्याच्या मेलेल्या बायकोची बहीण आधीच बसलेली. ती पण नवऱ्याशी तुटकच वागते. ती अन् मिंगलान सारखीच का?

वहिनी_पुसद

नाही ना, तिथंच तर फरक आहे. झांगची पोरगी म्हणजे जुन्या सरदारांना नव्या सम्राटाशी बांधायची गाठ, तिले कोणी विचारलंच नाही. तिचं तुटक वागणं म्हणजे राग आहे, स्वाभिमान आहे, की तुमच्या कामासाठी आणली ना मले, मग मन मागू नका. ती नवऱ्यासमोर दार लावून घेते. मिंगलान दार लावत नाही, दाराजवळ उभी राहते, आत यायचं का बाहेर जायचं हे पाहत. अन् त्या पोरीच्या बाळंतपणाच्या वेळी मिंगलान काय करते ते नीट पाय, नवऱ्यासाठी जो आवाज निघत नाही म्हणते ना तू, तो तिथं निघते. आपल्या मायचं बाळंतपण तिच्या डोळ्यापुढं आहे तेव्हा.

पुढचं सांगत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, इथून पुढं नवरा-बायको भांडताना दिसले का लगेच खरं धरू नको, अन् गोड दिसले का तेही. भिंतीले कान आहेत त्या घराच्या. कोण खोलीत आहे, कोणती मोलकरीण चहा ठेवून गेली, दार उघडं आहे का लावलेलं, हे पाहत जाय. अन् सबटायटल जोरात पळतात तिथं थांबवून वाच, माझं पहिल्या वेळी तिथंच निसटलं होतं.

जुनी_बखर (हिंगणघाट)

वहिनींनी बरोबर सांगितलं. अजून एक, राजमातेला सरसकट खलनायिका समजून पाहू नका. तिनं त्या पोराला लहानपणी सांभाळलं आहे, नवरा गेला आहे, अन् आता तोच मुलगा तिच्या नवऱ्याला बाजूला करतो आहे असं तिला दिसतं. शिक्का ती हातातून सोडत नाही तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहा, मग सासू छिन बाईकडे पाहा. एकीचं दुखणं खरं आहे अन् दुसरीचा हव्यास, अन् सिरियलमध्ये दोघी एकाच वेळी त्या जोडप्याच्या अंगावर येतात. पाहून झालं की इथंच लिहा, शेवटावर मला भांडायचं आहे वहिनींशी.