शब्दचर्चा : ‘सूडो-टर्मिनल’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक, सोलापूर
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्सवरील सिस्टिम प्रोग्रामिंगची मराठी टिपणे लिहिताना ‘सूडो-टर्मिनल’साठी मी ‘छद्म टर्मिनल’ हा शब्द योजला. टर्मिनल म्हणजे प्रोग्रामला मजकूर देण्या-घेण्याची कळफलक-पडद्याची जागा; सूडो-टर्मिनल म्हणजे तसे यंत्र नसताना लिनक्सने उभी केलेली दोन टोकांची जोडी, जिच्या एका टोकाला चालवणारा प्रोग्राम असतो आणि दुसऱ्या टोकाला ते टर्मिनलच समजणारा प्रोग्राम. एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम चालवून त्याचे आउटपुट पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या साध्या वाहिनीतून, वाचायला घेतले, तर ते लगेच हाती येत नाही. समोर टर्मिनल नाही हे ओळखून सी भाषेची प्रमाण लायब्ररी ओळीओळीने मजकूर सोडण्याऐवजी बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत, म्हणजे बहुधा ४०९६ बाइट साठेपर्यंत, तो अडवून ठेवते. पाइपच्या जागी सूडो-टर्मिनल दिले की तोच प्रोग्राम जराही न बदलता ओळ पूर्ण होताच ती पाठवू लागतो. हे समजावणारे प्रकरण वाचून एका विद्यार्थिनीने विचारले, की हा व्हायरसचा प्रकार आहे का? ‘छद्म’ शब्दामुळे तिचा तसा समज झाला होता. सहकारी ‘आभासी’ सुचवतात. जाणकारांनी मत द्यावे.

मराठीची अध्यापिका
त्या विद्यार्थिनीचा समज स्वाभाविक आहे. ‘छद्म’ हा शब्द ‘छद्’, म्हणजे झाकणे, या धातूपासून आला आहे आणि ‘छत्र’ व ‘आच्छादन’ ही त्याचीच भावंडे आहेत. परंतु चालू मराठीत तो ‘छद्मी हास्य’ आणि वर्तमानपत्रांतले ‘छद्मयुद्ध’ यांतच प्रामुख्याने उरला आहे आणि दोन्हीकडे त्यात कपट आहे. अमिबाचे ‘छद्मपाद’ आपण शाळेत शिकलो हे खरे, पण तेवढ्याने शब्दाची वाईट छटा धुऊन निघत नाही. मी ‘मिथ्या टर्मिनल’ लिहीन.

सिस्टिम प्रोग्रामर
‘आभासी’ला माझा ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण भाषेचे नसून यंत्रणेचे आहे. लिनक्समध्ये कळफलक आणि पडदा यांवर थेट चालणारे व्हर्च्युअल कन्सोल ही वेगळी वस्तू आहे आणि ‘आभासी’ हा शब्द ‘व्हर्च्युअल’साठी केव्हाच रुळला आहे. दोघांना एकच नाव दिले तर त्याच टिपणात पुढे गोंधळ होईल.

‘मिथ्या’ही मला पटत नाही. येथे मिथ्या काय आहे ते नीट पाहावे. ‘पोझिक्स-ओपनपीटी’ या फंक्शनला हाक मारून एक टोक उघडले, ‘ग्रँटपीटी’ आणि ‘अनलॉकपीटी’ यांनी दुसऱ्या टोकाची परवानगी आणि कुलूप यांची व्यवस्था लावली, ‘पीटीएसनेम’कडून त्याचे नाव घेतले आणि ते उघडून नव्या प्रोग्रामच्या हाती दिले, की त्या प्रोग्रामला मिळते ते सर्व अर्थांनी टर्मिनल असते. ‘हे टर्मिनल आहे का?’ असे ‘आयसॅटी’ या फंक्शनने विचारले तर उत्तर होकारार्थी येते. पहिल्या टोकाला ३ क्रमांकाचा बाइट लिहिला, तर सर्वसाधारण मांडणीत कर्नेलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) लाइन डिसिप्लिन, म्हणजे टर्मिनलच्या मजकुरावर मधल्यामध्ये संस्कार करणारा भाग, तो प्रोग्रामपर्यंत पोहोचू न देता समोर चालू असलेल्या प्रोसेसगटाला व्यत्ययाचा सिग्नल पाठवते. कंट्रोल-सी दाबल्यावर घडते ते हेच. अक्षरे परत दाखवणे, बॅकस्पेसने खोडणे, खिडकीचा आकार बदलल्याची सूचना देणे, ही सारी कामे तेथे खरीखुरी होतात. नाही ती फक्त तार आणि तारेपलीकडचे यंत्र. टर्मिनलची मांडणी दाखवणारी ‘एसटीटीवाय’ ही आज्ञा चालवून पाहिल्यास लिनक्सवर बहुधा ३८४०० बॉड हा तारेवरील संकेतांचा वेग छापला जातो. त्या एका आकड्याला मात्र काहीच अर्थ नसतो, कारण वेग मोजायला तारच नाही. म्हणून नावाने खोटेपणा न सांगता यंत्राचा अभाव सांगावा, जसे ‘निर्यंत्र टर्मिनल’.

निवृत्त टेलिप्रिंटर ऑपरेटर
यंत्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्या ‘एसटीटीवाय’मधला ‘टीटीवाय’ तो टेलिटाइपरायटर, म्हणजे आमचा टेलिप्रिंटर. ‘दूरमुद्रक’ हा शब्द कागदोपत्री होता, पण सोलापूरच्या तार ऑफिसात तो कोणाच्या तोंडी मी ऐकला नाही. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, तरी त्या यंत्राच्या सवयी आपल्या संगणकात शिल्लक आहेत. छपाईची गाडी डावीकडे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन क्रिया वेगळ्या होत्या व त्यांचे संकेतही वेगळे होते. ‘निर्यंत्र’ म्हटल्याने हा वंश तुटतो, याचे मला वाईट वाटते.

सिस्टिम प्रोग्रामर
आपला मुद्दा आजही प्रत्यक्षात भेटतो. प्रोग्रामने फक्त नव्या ओळीचे चिन्ह लिहिले तरी लाइन डिसिप्लिन त्याआधी गाडी परत आणण्याचे चिन्ह घालते, आणि म्हणून सूडो-टर्मिनलमधून वाचलेले आउटपुट अपेक्षित फाइलशी ताडून पाहिले तर प्रत्येक ओळीत एक बाइट जास्त निघतो. टिपणांत याचा उल्लेख अवश्य असावा. गाडी, कागद आणि शाई यांपैकी काहीही नसताना हे घडते.

अक्कलकोटचा वाचक
आमच्या घरी कन्नड बोलली जाते आणि कन्नडमध्ये ‘छद्मवेष’ म्हणजे शाळेच्या संमेलनातील वेशभूषा स्पर्धा. त्या शब्दात कपट नाही, उलट कौतुक आहे. सोलापूरच्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुले शेजारी बसतात, तेव्हा ‘छद्म’ ऐकून प्रत्येकाला व्हायरसच आठवेल असे गृहीत धरू नये. मला मूळचाच शब्द योग्य वाटतो.

मराठीची अध्यापिका
मराठी टिपणातील शब्दाची छटा मराठीनेच ठरवली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. शेजारच्या भाषेत शब्द गोड आहे म्हणून आपल्या वाचकाच्या कानाला तो गोड लागत नाही. आणि पूर्वपद संस्कृत असताना उत्तरपद ‘टर्मिनल’ का राहावे? विद्युतघटाच्या टर्मिनलला आपण ‘अग्र’ म्हणतोच.

अक्कलकोटचा वाचक
बाई, ‘अग्र’ म्हटले की तारेचे टोकच डोळ्यांपुढे येते, आणि येथे तारच नाही असे वर सांगितले गेले आहे. ‘टर्मिनल’ सर्वांना समजतो. तो बदलण्याने शुद्धी साधेल, आकलन साधणार नाही.

अनुवादक, सोलापूर
सर्वांचा आभारी आहे. याच प्रकरणातील दुसरी अडचण मांडतो. दोन टोकांना जुन्या दस्तऐवजांत मालक आणि गुलाम या अर्थाचे शब्द आहेत. पोझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकाच्या २०२४च्या आवृत्तीने ते काढून व्यवस्थापक आणि दुय्यम या अर्थाचे शब्द घेतले. मी ‘मुख्य टोक’ आणि ‘दुय्यम टोक’ लिहावे काय?

सिस्टिम प्रोग्रामर
जुने शब्द गेले हे उत्तम झाले, परंतु ‘दुय्यम’ने चुकीचे चित्र उभे राहते. पहिले टोक बंद झाले तर पलीकडच्या सत्राला संपर्क तुटल्याचा सिग्नल जातो. पण पलीकडचे टोक सर्वांनी बंद केले, तर लिनक्समध्ये पहिल्या टोकावर वाचताना, साचलेला मजकूर संपल्यावर, फाइल संपल्याची खूण न मिळता ‘ईआयओ’ ही वाचन-लेखनातील बिघाडाची त्रुटी येते, आणि ती न हाताळणारा प्रोग्राम तेथेच कोसळू शकतो. परिणाम दोन्ही दिशांनी होतो. प्रोग्रामला टर्मिनल दिसते ते ‘टर्मिनल-टोक’ आणि त्याला चालवणारे ते ‘चालक-टोक’, अशी जोडी मी सुचवतो.

मराठीची अध्यापिका
‘टर्मिनल-टोक’मध्ये एकाच अर्थाची द्विरुक्ती आहे, तिला माझी हरकत आहे.

अक्कलकोटचा वाचक
आणि ‘चालक’ हा शब्द प्रिंटर, कळफलक यांच्या ड्रायव्हरसाठी आधीच वापरात आहे. कर्नेलच्या प्रकरणात तोच दुसऱ्या अर्थाने आला, तर ‘आभासी’विषयी आपणच घेतलेला आक्षेप येथेही लागू होतो.