दिवा गेला, पण स्कॅनर म्हणतो 'इनकम्प्लीट'

दांडियाबाजारकर:
२०१५ची पेट्रोल गाडी मेव्हण्याला द्यायची ठरलीये. चेक इंजिनचा दिवा लागला होता, कोड पी०४२०, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट कमी पडतोय. मिस्त्रीने मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड उडवला, दिवा गेला. मेव्हणा पडला चोखंदळ, स्वतःचं कोड वाचणारं ब्लूटूथ डोंगल (स्कॅनरच तो) स्टिअरिंगखाली खुपसून बसला. कॅटॅलिस्टच्या तपासणीपुढे 'इनकम्प्लीट'. म्हणे, हे कम्प्लीट करून आण, मग पैसे. चार दिवस बडोद्यातच घर ते अलकापुरी फिरवतोय, ढिम्म फरक नाही. काय करू?

मांजलपूरचा_गाडीवेडा:
पीयूसीवाला नळी घालून धुरातले सीओ-एचसी वायू बघतो, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, हे मॉनिटर, कोण विचारतंय? देऊन टाक.

फतेगंजचे_काका:
वरच्याचं ऐकू नकोस बाबा, दिवाळीला मेव्हण्यासमोर फराळाला बसायचंय तुला. कोड उडवला की गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांची पाटी कोरी होते. बॅटरीची वायर काढली तरी तेच. आणि अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या बोगद्यात) पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत कॅटॅलिस्टची तपासणी होणार कशी?

रात्रभर गाडी उभी ठेव. टाकी अर्धी असू दे. सकाळी चालू करून दोन-तीन मिनिटं नुसती उभी, एसी बंद. मग दुमाडवरून एक्स्प्रेसवेला लाग. वरच्या गिअरमध्ये ऐंशी-नव्वदचा एकच वेग, दहा-पंधरा मिनिटं. पायाखाली अंडं आहे समज. आणंदच्या एक्झिटला मागे कोणी नसेल तर ॲक्सिलरेटर सोड आणि क्लच-ब्रेक न लावता वेग आपसूक उतरू दे. डोंगलकडे बघायला शेजारी कोणीतरी बसव. मधे कोड पुन्हा उडवलास तर सगळं पहिल्यापासून.

दांडियाबाजारकर:
काका, आज पहाटे मेव्हण्यालाच शेजारी बसवून नेलं. आणंद यायच्या आधीच कॅटॅलिस्ट 'कम्प्लीट'! पेढे आणायचे तेवढे राहिलेत.

फतेगंजचे_काका:
थांब. कम्प्लीट म्हणजे तपासणी झाली, पास झाली असं नव्हे. 'पेंडिंग'मध्ये, म्हणजे एकदा सापडलेल्या पण अजून दिवा न लावलेल्या कोडमध्ये, काही आहे?

दांडियाबाजारकर:
...पी०४२०.

फतेगंजचे_काका:
वाटलंच. पुढच्या तपासणीतही नापास झाला की दिवा परत लागेल. इंजिन तापल्यावर, एकसारख्या वेगात कॅटॅलिस्टच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख बघ. पुढचा वरखाली नाचणारच, मागचा साधारण सरळ राहायला हवा. मागचाही त्याच्याबरोबर नाचत असेल तर कॅटॅलिस्ट दमलाय. मात्र आधी सायलेन्सरच्या जोडांतून गॅस फुसफुसतोय का ते बघून घे, त्यानेही आकडे फसतात. मिस्त्रीने हे न बघताच सेन्सर बदललेला दिसतोय.

दांडियाबाजारकर:
मेव्हण्याने स्क्रीनशॉट काढलाय. आता किमतीवर बसलाय.