नायजर: फ्रेंच गेले हे ठीक, पण बंडाला टाळ्या कशासाठी?

निरंजन_क
26 जुलै 2023 ला नायजरच्या राजधानीत, नियामेत, राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूमना त्यांच्याच अंगरक्षक दलाने राहत्या घरात कोंडलं आणि दोन दिवसांनी त्या दलाचा प्रमुख जनरल चियानी टीव्हीवर येऊन सांगायला लागला की आता देश मी चालवणार. तेव्हापासून साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या त्या पट्ट्याचा, विषय निघाला की बहुतेक जण एकच लिहितात, बरं झालं, फ्रेंचांना हाकललं. मला वाटतं आपण दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतोय.

फ्रान्सवरचा राग शंभर टक्के खरा आहे. नायजरच्या उत्तरेला अर्लिटच्या भागात फ्रेंच कंपनीने पन्नास वर्षं युरेनियम काढलं, अकूताची खाण 2021 ला बंद केली तेव्हा मागे दोन कोटी टन किरणोत्सारी कचऱ्याचा डोंगर उरला, आणि त्याच देशात पाचातल्या जेमतेम एकाकडे वीज. पण चियानी काय युरेनियमसाठी उठला का? 2011 पासून हेच दल त्याच्या हातात होतं, आधीचे राष्ट्राध्यक्ष इस्सूफू यांच्या काळापासून, आणि बाझूम त्याला पदावरून काढणार अशी बातमी होती. फ्रान्सविरोध नंतर आला, रस्त्यावर टाळ्या पडतात हे दिसल्यावर. आणि बाझूम म्हणजे 1960 ला देश स्वतंत्र झाल्यापासून निवडून आलेल्याकडून निवडून आलेल्याकडे खुर्ची जाण्याची पहिली वेळ. ती अडीच वर्षंसुद्धा टिकू दिली नाही धड. राजीनाम्यावर सही करत नाहीत म्हणून बायकोसकट कोंडून ठेवलंय, दोन वर्षं उलटून गेली.

राही
निरंजन, तुमचा राग समजतो पण 2021 ची निवडणूक इतकी सोज्वळ नव्हती हो. विरोधकांचा मोठा नेता हामा अमादू, त्याला उभंच राहू दिलं नाही. निकालानंतर दहा दिवस इंटरनेट बंद. नोव्हेंबर 2021 ला तेरा नावाच्या गावात लोकांनी फ्रेंच लष्कराचा ताफा अडवला तेव्हा गोळीबार झाला, माणसं मेली. फ्रेंच फौजेविरुद्ध मोर्चा काढायचा तर परवानगी नाही. म्हणजे मत दिलं, पुढे बोलायची सोय नाही.

आणि सैनिकांचं बघा ना. डिसेंबर 2019 ला जिहादींच्या हल्ल्यात इनातेसच्या तळावर 71 सैनिक मेले, पुढच्याच महिन्यात चिनागोद्रारला 89. त्याच सुमाराला ऑडिटमधून कळलं की शस्त्रखरेदीत अब्जावधी फ्रँक खाल्लेत. नवरा गेलेल्या बाईला लोकशाही वाचवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार आपण? बंडानंतर नियामेच्या स्टेडियमवर चियानीच्या बाजूने जमलेली ती पोरं काही भाड्याने आणलेली नव्हती सगळी. डिसेंबर 2023 ला शेवटचा फ्रेंच सैनिक गेला, नंतर अगादेझचा ड्रोनतळ रिकामा करून अमेरिकनही गेले, जून 2025 ला सोमाईर या फ्रेंच भागीदारीतल्या कंपनीची युरेनियम खाण सरकारने ताब्यात घेतली. साठ वर्षांत निवडून आलेल्या एकाने तरी हे केलं का?

कोटोनूकर
मी 2018 ते 2024 बेनिनमध्ये कोटोनूला होतो, तांदळाच्या धंद्यात. आपल्याकडचाच उकडा तांदूळ बंदरात उतरतो आणि त्यातला बराच ट्रकांनी वर नायजरला जातो, जायचा म्हणा. बंडानंतर 30 जुलैला नायजेरियात अबुजाला इकोवासची, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेची, बैठक झाली, बाझूमना परत बसवायला आठवड्याची मुदत, नायजरच्या सीमा बंद, बँकेतले पैसे गोठवले, नायजेरियाने वीज तोडली. सत्तर टक्के वीज तिथूनच जात होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमचे ट्रक बघायला मी मालांव्हिलला गेलो, नदीवर पूल आहे, पलीकडे गाया. पुलाच्या अलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत ट्रक. पावसाळा, ताडपत्रीखाली पाणी गेलेलं, खालच्या थरातल्या गोण्या बुरसून वास मारत होत्या. ड्रायव्हर ट्रकखाली चटया टाकून झोपायचे, कोळशाच्या शेगडीवर चहा, खिशात पैसा नाही. त्यातला एक नायजरमधल्या दोसोचा, त्याने बाझूमला मत दिलेलं. मला म्हणाला, बंड नियामेत झालं, दंड मी का भरतोय? मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मी तुमच्या दोघांच्याही बाजूचा नाही. निर्बंध लादून चियानीचा केसही वाकडा झाला नाही, उलट लोक त्याच्या मागे गेले.

निफाडकर
कोटोनूकर, त्या रांगेत कांदापण असणार ना? नायजरचा गलमीचा जांभळा कांदा आयव्हरी कोस्ट, घानापर्यंत जातो. ट्रकमध्ये कांदा अडकला की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको, चार दिवसांत खालून पाणी सुटतं. योगायोग बघा, त्याच ऑगस्टात 19 तारखेला आपल्याकडे कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसलं. पण आम्ही लासलगावला लिलाव बंद ठेवले, रस्त्यावर बसलो, मंत्र्यांना दारात उभं करून जाब विचारला. सगळं मिळालं असं नाही पण विचारता आलं. राहीताई, गलमीच्या शेतकऱ्याने आता कुणाला विचारायचं? मार्च 2025 ला पक्षच बरखास्त केले सगळे.

राही
दादा, हा मुद्दा मी खोडू शकत नाही. पण सैन्य म्हणजे दरवेळी वाईटच असंही नाही. इस्सूफूंच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष तांजा, त्यांनी मुदत संपत आल्यावर घटना बदलून खुर्ची धरून ठेवली, 2010 ला सैन्याने त्यांना काढलं आणि वर्षभरात निवडणूक घेऊन बराकीत परत गेलं. त्यातूनच इस्सूफू आले, मग बाझूम. ते बंड नसतं तर तुमची लोकशाही कुठून आली असती?

निरंजन_क
2010 चं मान्य. म्हणूनच तुलना करा. तिथे वर्षभरात निवडणूक, इथे चियानीने 26 मार्च 2025 ला पाच वर्षांसाठी शपथ घेतली, वर मुदत परिस्थितीनुसार वाढेल अशी सोयही करून ठेवली. कारण काय दिलं होतं बंडाचं, सुरक्षा बिघडली म्हणून ना? मग ऑक्टोबर 2023 ला तबातोलला 29 सैनिक मेले. मार्च 2025 ला रमजानात, शुक्रवारच्या नमाजाला, फांबिताच्या मशिदीत 44 माणसं मारली. जुलै 2025 ला दोसो भागात दोन भारतीय कामगार मारले गेले, एकाला पळवून नेलं, पोटासाठी गेलेली माणसं. सरकारी कारभारावर बोट ठेवणारे कार्यकर्ते मूसा चांगारी डिसेंबर 2024 पासून आत आहेत. हे चांगारी बाझूमच्या आधीच्या सरकारलाही नडलेले, तेव्हाही तुरुंगात गेलेले. राहीताई, तुम्ही ज्या लोकांच्या बाजूने बोलताय त्यांच्या बाजूने हा माणूस आयुष्यभर बोलला.

निर्बंधांबाबत मात्र कोटोनूकरांचं पटलं. तेव्हा मी इकोवासच्या बाजूने लिहिलं होतं. चुकलं माझं. वीज तोडली तेव्हा अंधार दवाखान्यात झाला.

राही
चांगारींना सोडा, बाझूमना सोडा, यावर माझी तुमच्यासोबत सही आहे. खाण परत द्या म्हणाल तर नाही. तिथे मी हटणार नाही.

निफाडकर
खाण परत द्या असं कुणीच म्हणत नाहीये ताई. त्या खाणीचा पैसा कुठे गेला हे विचारणारा कुणी बाहेर राहू द्या, एवढंच.

कोटोनूकर
फेब्रुवारी 2024 ला इकोवासने निर्बंध उठवले तेव्हा वाटलं, सुटलो. बेनिनने आपली बाजू उघडली, नायजरने नाही उघडली. लोक होडीतून नदी ओलांडायचे, गोण्या डोक्यावर. मी निघालो तेव्हा तो दोसोचा ड्रायव्हर ट्रक सोडून होडीवर हमाली करत होता, पुलापासून हाकेच्या अंतरावर.