मदत हवी आहे: घोटा मोडलाय, हसू शाबूत आहे, पण जिन्याची धास्ती जात नाही

वऱ्हाडी_काकू:
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्याकडे सध्या वेळच वेळ आहे. नागपूरला महालात आमचं जुनं घर, खाली दीर-जाऊ, वर आम्ही, त्याच्या वर गच्ची, आणि जिना बाहेरच्या अंगाने. मे महिना म्हणजे कुरड्या-पापडांचे दिवस, तर सकाळी उन्हाच्या आत कुरड्या टाकून रिकामी परात घेऊन उतरत होते नि अगदी वरच्याच पायरीवर पाय असा काही गेला की मी बसल्या बसल्या खाली आणि परात माझ्याही पुढे. पितळेची आहे, सासूबाईंची, ती ठणठणत पार अंगणापर्यंत गेली. गल्लीतले लोक आधी परातीकडे धावले, मग कोणीतरी वर पाहिलं. घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. परातीला पोचासुद्धा नाही!

हाड जागचं हललं नाही म्हणून ऑपरेशन टळलं, गुडघ्याखाली फायबरचं प्लास्टर आहे, डॉक्टर म्हणाले साधारण सहा आठवडे. दवाखान्यातून आणलं तेव्हा पुतण्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं, खालून जाऊबाई "पुंडलिक वरदे" म्हणून राहिल्या होत्या, मला इतकं हसू आलं की पोरं म्हणाली काकू हलू नका नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मूड एकदम चांगला आहे, तशी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती भेटायला येणाऱ्यांची. प्रत्येकाला "कसं झालं" पहिल्यापासून ऐकायचं असतं, आणि ऐकून झालं की सगळे जण जिन्यावर जाऊन ती पायरी पाहून येतात. एक जण तर फोटो काढून गेले. समोरच्या मावशींनी त्या पायरीवर लिंबू-मिरची ठेवली. दुसऱ्या एका काकू म्हणाल्या की त्यांचे जावई पायाळू आहेत, हलकेच लाथ मारायला पाठवू का! मी म्हटलं, अहो पायाळूची लाथ उसण भरल्यावर मारतात, आणि इथे एक पाय आधीच मोडलाय, तर त्या म्हणाल्या मग कमरेला मारतील, कंबर दुखतच असेल नं बसून बसून. आता यावर काय बोलायचं बाप्पा.

तर मदत अशी हवी आहे. एक म्हणजे खाज. नवतपा लागलाय, बाहेर ४५ च्या आसपास, कूलरसमोर बसले तरी प्लास्टरच्या आत वेगळाच उन्हाळा चालू आहे, स्वेटरची सुई घालायचा फार मोह होतो. दुसरं, खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहायला घेतलं, ते असं की दिवसभर मी सगळ्यांना हसवते, पण तपासणीसाठी खाली उतरायचं म्हटलं की कठड्याला धरलेला हात सुटतच नाही. आमचे हे समोर उभे, पोरं तयार, आणि माझा हात तसाच. हाडाची चौकशी सगळे करतात, एक्सरे पाहतात, पण ही धास्ती कशी घालवायची ते कोणी सांगत नाही. कोणाला असा अनुभव आहे का? आणि हसून नेण्यात मी काही लपवून तर नाही राहिली असं आमच्या लेकीचं म्हणणं आहे, ती बंगलोरहून रोज फोनवर माझी मानसिक तपासणी करते, तिच्यासाठीही काही उत्तर असेल तर द्या.

सदाशिव_पेठी:
काकू, लवकर बरे व्हा. परातीचा फोटो टाकावा.

हाडजोडी:
ताई, प्लास्टर कापायला लावा नि हळद-तेलाचा लेप लावा, वर हाडजोडीच्या वेलाची भजी खा. आमच्या आज्यानं कधी प्लास्टर पाहिलं नाही, नव्वदीपर्यंत शेतात गेला.

फिजिओ_वर्धारोड:
वरच्या साहेबांना नमस्कार, आजोबा नशीबवान होते. काकू, प्लास्टर कापायचं नाही, भजी आवडत असतील तर खा.

सुई, पट्टी, पेन काहीही आत घालू नका आणि पावडरही टाकू नका. आत कातडी सोलली तर दिसत नाही, घामाने चिघळते, नि पावडरीचे गोळे होऊन बसतात. खाजेच्या जागी प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारा, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून कोरड्या कपड्यात गुंडाळून बाहेरून लावा. हेअर ड्रायर थंडवर ठेवून आत हवा सोडता येते, पण मे महिन्यात दुपारी आपल्याकडे थंड बटनातूनही झळाच येतात म्हणून ते रात्री करा. पाय उशांवर, छातीपेक्षा वर, आणि बोटं सारखी हलवत राहा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा प्लास्टर आवळल्यासारखं होऊन दुखणं वाढत गेलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. पोटरी जास्तच दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी, कारण पाय बरेच दिवस हलला नाही की रक्ताची गुठळी व्हायची भीती असते.

आता धास्तीचं. मी पेशंटना गच्चीपासून नाही, सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू करायला सांगते. पण तुम्ही राहताच वर, तेव्हा आधी बसून उतरायला शिका. वरच्या पायरीवर बसा, प्लास्टरचा पाय पुढे सरळ, दोन्ही हात मागे टेकवून एकेक पायरी खाली सरका, चढतानाही तसंच, तोंड खालच्याच बाजूला. दिसायला लहान बाळासारखं दिसतं पण बसलेला माणूस पडून पडून किती पडणार! तेवढ्याने हाताची पकड निम्मी सुटते. पुढे कुबड्यांनी जायला लागाल तेव्हा एका हातात कठडा, दुसऱ्या हातात कुबड्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबडी आधी. सोबतचा माणूस नेहमी खालच्या पायरीवर उभा हवा, चढतानाही. आमच्याकडे सगळे जण वरून हात ओढतात, त्याने तोल आणखी जातो. प्लास्टर निघालं की घोटा लाकडासारखा झालेला असेल, तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीने अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, क ते ज्ञ, रोज.

आणि लेकीला सांगा, हसणारे पेशंट व्यायाम बुडवत नाहीत असा माझा अनुभव आहे. फक्त झोप उडत असेल, पडलेलं पुन्हा पुन्हा आठवत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, त्यात लाजायचं नाही.

ओळंबा:
मी बांधकामातला माणूस, म्हणून माझं लक्ष वेगळीकडे गेलं. काकू म्हणतात वरच्याच पायरीवर "पाय असा काही गेला". काकू, गच्चीवर इतक्यात कोबा किंवा टाइल्स केल्या का? कोणाला तरी टेप घेऊन प्रत्येक पायरीची उंची मोजायला लावा. घरातल्या जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोड जास्तीत जास्त १९० मिमी उंची सांगतो, म्हणजे साडेसात इंच, आणि पाय ठेवायला कमीत कमी २५० मिमी, दहा इंच. पण उंचीपेक्षा वाईट म्हणजे एखादीच पायरी वेगळी असणं. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत माप धरतो नि पुढे न पाहता तेच माप टाकतो.

वऱ्हाडी_काकू:
मंडळी!! पुतण्याने मोजलं. बाकीच्या सगळ्या सातच्या आसपास आणि गच्चीकडून पहिली पायरी नऊ इंच. मागच्या उन्हाळ्यात छत गळत होतं म्हणून वॉटरप्रूफिंगचा कोबा केला, त्याने गच्ची वर आली नि जिना होता तिथेच राहिला. लिंबू-मिरची काढून टाकली, मावशी रागावल्या आहेत.

आणि ऐका, बसून उतरले! दीर खालच्या पायरीवर, पोरं त्यांच्या मागे, मी सरकत सरकत, गाऊनचं काय झालं ते विचारू नका. खाली पोचल्यावर जाऊबाई म्हणाल्या यंदाच्या मारबतीच्या मिरवणुकीत (आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा-पिडा घालवायला निघते ती) हे प्लास्टर द्यायचं, "पाय मोडणं, जिना चुकणं घेऊन जा गे मारबत". प्लास्टर तर त्याच्या आधीच निघेल, मी म्हटलं जपून ठेवू. उभं राहून उतरायची भीती अजून आहेच, पण बसून जायची नाही राहिली, आणि कारण कळल्यामुळे की काय कोण जाणे, पायरीचा रागच जास्त येऊन राहिला.

ओळंबा साहेब, आता हे नऊ इंच कमी कसे करायचे? मधे अर्धी पायरी टाकू का, असं आमचे हे म्हणतात.

ओळंबा:
अर्धी पायरी अजिबात नको काकू, म्हणजे एकाऐवजी दोन वेगळ्या पायऱ्या होतील. जिन्याच्या तोंडाशी कोबा छिलून हळू उतार देता येतो, पण वॉटरप्रूफिंग उघडं पडेल, म्हणून ते पावसाळ्यानंतर, चांगल्या मिस्त्रीकडून. तोवर त्या पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत पट्टी, जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा दिवा, आणि कठडा दोन्ही बाजूंनी.

वऱ्हाडी_काकू:
ती पट्टी इतवारीत लोहाओळीत मिळेल का की ऑनलाइनच मागवावी? आमचे हे जाऊन पाहतो म्हणून राहिले, पण त्यांना पाठवलं की ते तर्री-पोहे खाऊन परत येतात.