पोरांना आधी जावा की पायथन? ६५ किलो सोयाबीनवरून पडलेला प्रश्न

मोंढ्यामागचा मास्तर (लातूर)
संध्याकाळी बारा-पंधरा पोरापोरींना जावा शिकवतो. जावा अन् पायथन ह्या प्रोग्राम लिहायच्या भाषा. मागच्या आठवड्यात एकीनं आडतीची पट्टी काढायचा प्रोग्राम लिहिला. वजन १२६५ किलो. क्विंटल काढायला तिनं १०० नं भागलं, दोन्ही इंट, म्हणजे दशांश नसलेले पूर्णांक. उत्तर आलं १२. एरर नाही, लाल रेघ नाही, अन् वरचं ६५ किलो सोयाबीन गायब. तिच्या वडलांचा माल मोंढ्यातच येतो. ती कितीतरी वेळ स्क्रीनकडं बघत बसली.
माझं मत पक्कं झालंय. पहिला महिना जावाच शिकवा. प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे माहिती ठेवायच्या नाव दिलेल्या डब्याचा, टाईप (त्यात कसली माहिती राहणार ते) हातानं लिहायला लावा. बाईट टाईपमध्ये मावतं उणे १२८ ते १२७, इंटमध्ये २१४ कोटींच्या थोडं वर, दशांश आला की डबल. पायथनपासून सुरुवात केलेल्यांचं हे कच्चंच राहतं.

गोदाकाठची (नांदेड)
सर, नाही पटलं. तोच भागाकार पायथनमध्ये केला असता तर १२.६५ आलं असतं. पोरीचे ६५ किलो जावानं गिळले अन् तुम्ही जावाचीच बाजू घेताय! माझ्याकडं किनवट-हदगावकडून मराठी माध्यमातली पोरं येतात. पहिल्याच दिवशी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही जावाची ठरलेली सुरुवातीची ओळ लिहायला लावली की निम्म्यांच्या वह्या मिटतात. आधी त्यांना काहीतरी चालताना दिसू द्या.

परभणीकर
पहिल्या नोकरीत मी ग्राहकांचे मोबाइल नंबर इंटमध्ये ठेवायला निघालो होतो. ९ नं सुरू होणारा दहा आकडी नंबर २१४७४८३६४७ च्या आत कुठला मावतो? कंपायलरनं, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तिथंच हटकलं. मी लाँग केलं, म्हणजे जास्त मोठे पूर्णांक मावणारा टाईप. आमच्या सीनियर बाईंनी एवढंच विचारलं, “ह्या नंबरांची बेरीज करणारेस का?” मी गप. मग स्ट्रिंग केलं, म्हणजे नुसता मजकूर. लातूरचा एसटीडी कोड ०२३८२ इंटमध्ये वाचून घ्या, पुढचा शून्य गळून जातो. टाईप ठरवताना मला अजून त्यांचा प्रश्न आठवतो.

बालाघाटी (बीड)
मास्तर बरोबर आहेत. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत फुटलं. कामून? तर ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली, मावली नाही.

गोदाकाठची (नांदेड)
दादा, ते सॉफ्टवेअर अडा भाषेत होतं, अन् अडा टाईपच्या बाबतीत लई कडक. त्या रूपांतराला तपासणीच लावलेली नव्हती. टाईप लिहिला म्हणजे विचार केला, असं होत नाही. जावानं तरी २०१८ मध्ये ‘व्हार’ आणलंच ना? तिथं टाईप कंपायलरच ओळखतो.

मोंढ्यामागचा मास्तर (लातूर)
भागाकाराचं मान्य, बाई. पण पायथनमध्ये इनपुटनं घेतलेला आकडा स्ट्रिंग असतो. ५० किलोचे दोन कट्टे मिळवले की ५०५० येतं, अन् पोरगं म्हणतं कॉम्प्युटर बिघडला. ‘व्हार’मध्ये टाईप लिहीत नाहीत, पण असतो, एकदा ठरला की बदलत नाही.
काल त्याच पोरीकडून ‘वजन’ नावाचा क्लास, म्हणजे आपण स्वतः बनवलेला टाईप, लिहून घेतला. आत किलो, इंटमध्येच, पण प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट हात लावता येत नाही. बाहेरून मागितलं की क्विंटल वेगळे अन् बाकी वेगळी: १२ अन् ६५. ‘भाव’चाही वेगळा क्लास केला. आधी दोन्ही नुसते इंट होते तेव्हा वजनात भाव मिळवला तरी कंपायलर गप्प बसायचा. आता कंपाइलच होत नाही. तिनं मुद्दाम तीनदा करून बघितलं.

गोदाकाठची (नांदेड)
हे आवडलं. पायथनपण अडवतो, पण चालवल्यावर, त्या ओळीवर पोचल्यावर. हा फरक खरा आहे. तो क्लास इथं टाका, पुढच्या तासाला पोरांकडून पायथनमध्ये लिहून घेते. पण पहिला महिना जावाला देणार नाही, त्यावर मी ठाम आहे.