ब्रेल नोटटेकर घ्यायचाय, मराठीच्या कामाला खरंच उपयोगी पडेल असं काय बघू?

चोपड्याची_लेक

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातली, जन्मापासून पूर्ण अंध, सध्या जळगावला होस्टेलवर राहून एम.ए. मराठी करू राहिले. आजवर सगळं ब्रेलच्या पाटी आणि स्टायलसवर, म्हणजे टोच्याने जाड कागदावर ठिपके पाडून झालं. पण आता लेक्चरला सर भरभर बोलायला लागले की माझं मागे पडतं, आणि मधेच काय लिहिलंय ते बघायचं म्हटलं की कागद काढा, उलटा करा, वाचा, परत पाटीत बसवा, तोवर दोन मुद्दे निघून गेलेले असतात. टकटक आवाजाने बाकीच्यांना त्रास नको म्हणून मी शेवटच्या बाकावर बसते आणि तिथे सरांचा आवाज नीट येत नाही. नोट्सचे जाड कागद गोणीत भरून घरी ठेवलेत, त्यातला एक मुद्दा शोधायचा तर अख्खी दुपार जाते.

मामांनी आणि गावातल्या काही जणांनी मिळून नोटटेकरसाठी, म्हणजे ब्रेल कीजवर लिहायचं आणि वर येणाऱ्या ठिपक्यांवर बोटाने वाचायचं ते छोटं मशीन, त्यासाठी पैसे उभे करायचं ठरवलंय. एकदाच होणारी गोष्ट आहे, चुकीचं मशीन घेतलं तर परत कोणाकडे मागायला तोंड राहणार नाही मला. विकणाऱ्याने फोनवर १४ सेल, २० सेल, ४० सेल (सेल म्हणजे ओळीतली एका ब्रेल अक्षराची जागा) असे तीन प्रकार सांगितले, ब्लूटूथ आहे, वायफाय आहे, कॅल्क्युलेटर आहे, बरंच काही. मी विचारलं मराठी नीट येतं का, तर म्हणे "सगळ्या भाषा येतात ताई". रोज वापरणारं कोणी असेल तर सांगा, सगळ्यात आधी काय तपासू?

भुसावळकर_सर

ताई, "सगळ्या भाषा येतात" यावर काहीही ठरवू नका. मी शाळेत शिकवतो, २० सेलचं मशीन सहा वर्षं रोज हाताखाली आहे आणि हे दुसरं आहे, पहिल्याने मला फार रडवलं.

भारती ब्रेल १९५१ पासून ठरलेलं आहे, मराठी काय हिंदी काय गुजराती काय, क ला १ आणि ३ नंबरचे ठिपकेच. पण मशीनच्या आत मराठीचं टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले ठिपके याचा तक्ता, घातलेलं असेल तरच ते देवनागरी फाईल बरोबर ठिपक्यात दाखवतं. म्हणून मेमरी कार्डवर आपली स्वतःची एक छोटी फाईल टाकून घेऊन जा, साधी युनिकोड मराठी, चारपाच ओळी पुरेत. त्यात बाळ, क्षेत्र, ज्ञान, पुस्तक असे शब्द घाला. ळ ला ४-५-६ येतात का, क्ष आणि ज्ञ एकेका सेलमध्ये येतात का, पुस्तकातल्या स च्या आधी ४ नंबरचा ठिपका लागतो का, हे स्वतःच्या बोटाने बघा. विकणारा वाचून दाखवतो म्हणाला तरी तुम्हीच बघा.

हे झालं वाचायचं. लिहायचं याहून महत्त्वाचं आहे आणि तिथेच मी फसलो होतो. पहिल्या मशीनवर मी दोन पानी अर्ज टाईप केला, माझ्या बोटाखाली एकदम स्वच्छ मराठी. ऑफिसात प्रिंट काढली तर क्लार्क म्हणाला सर हे काय दिलंय, नुसती इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम. झालं असं होतं की मशीनने फाईल बीआरएफमध्ये सेव्ह केली होती. बीआरएफ म्हणजे प्रत्येक ब्रेल सेलसाठी कीबोर्डवरचं एकेक चिन्ह, ब्रेल वाचणाऱ्याला बरोबर, डोळस माणसाला सगळा कचरा. त्या दिवशी मी तोच अर्ज शेजारी बसून तोंडी सांगून लिहून घेतला. तुम्ही सहा कीजवर मराठी लिहिणार, ते देवनागरी होऊनच बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर गाईडकडे प्रकरण देणार कसं? दुकानात पाच ओळी लिहा, कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडायला लावा आणि वाचून घ्या.

एक मात्र आहे, वाचण्यापुरतं बीआरएफ फार कामाचं. मशीनमध्ये मराठी टेबल नसलं तरी कॉम्प्युटरवर लिबलुईवर (मजकुराचं ब्रेल करून देणारा प्रोग्राम) चालणाऱ्या सॉफ्टवेअरने फाईल बीआरएफ करून घेतली की कुठल्याही मशीनवर ठिपके बरोबर येतात, कारण भाषांतर आधीच होऊन गेलेलं असतं. लिबलुईत मराठी आहे आणि पैसे लागत नाहीत.

यावल_वाला

माझा भाचा अंध आहे, बारावीला. मला वाटतं ताई एवढा पैसा घालायच्या आधी फोनचा विचार करा. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये (स्क्रीन बोलून दाखवणारी सोय) २०२० पासून ब्रेल कीबोर्ड आलाय, स्क्रीनवरच सहा बोटांनी टाईप होतं, भाचा मित्रांना मेसेज त्यावरच करतो आणि फोन वाचूनही दाखवतो. हेडफोन लावला की कोणाला त्रास नाही. मोठी मशीनं तर लाखात जातात, तेवढ्यात लॅपटॉप येऊन वर पैसे उरतील.

भुसावळकर_सर

दादा तुमचं म्हणणं काळजीपोटी आहे हे कळतंय आणि फोन हवाच, मीही दिवसभर वापरतो. पण ताई मराठीच्या विद्यार्थिनी आहेत. फोन 'दिन' आणि 'दीन' सारखंच बोलतो हो. बोटाखाली इ म्हणजे २-४ आणि ई म्हणजे ३-५, चूक झाली की लगेच टोचते. माझ्याकडची हुशार मुलं, फक्त ऐकून शिकलेली, बोलतात सुंदर आणि लिहायला बसली की प्रत्येक ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, कारण तो शब्द त्यांनी कधी बघितलेलाच नाही. तुमच्या भाच्याला ब्रेल वाचायला मिळू द्या, विनंती आहे. आणि लेक्चरला एका कानात हेडफोन आणि दुसऱ्या कानाने सर, असं तासभर करून बघा, दोन्हीतलं एकही पूर्ण ऐकू येत नाही.

पांझरा_काठ

धुळ्याहून लिहितेय. माझी नजर सत्ताविसाव्या वर्षी गेली, ब्रेल तिशीत शिकले, ऑफिसात नोकरी करते. सरांनी मराठीचं सगळं बरोबर सांगितलं, मी जे कोणी दुकानात सांगत नाही ते सांगते.

या मशीनमध्ये प्रत्येक ठिपका म्हणजे एक वेगळी पिन असते. बऱ्याच मशीनमध्ये तिच्याखाली एक पातळ पट्टी असते, वीज दिली की ती वाकते आणि पिन वर येते. २० सेल, एका सेलला ८ ठिपके, म्हणजे १६० पिना, म्हणून तर एवढं महाग. आता आपल्याकडचा मे महिना आठवा, घामेजलेली बोटं, एसटीची खिडकी, धुळीचे लोट. माझ्या मशीनची सातव्या सेलची २ नंबरची पिन अडकली. तर काय व्हायचं, ल म्हणजे १-२-३, त्यातला २ गेला की उरतं १-३, म्हणजे क. लाडू तिथे आला की काडू. शब्द कळायचा तरी, पण आकडे आले की मला धडकी भरायची, कारण ब्रेलमध्ये २ म्हणजे १-२ आणि १ म्हणजे नुसता १. एका खातेदाराचा नंबर मी चुकीचा वाचला आणि दुपारी लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही पण मला आठवडाभर झोप लागली नाही.

दुरुस्तीला कुरिअरने पाठवलं, चार महिने. चार महिने माझ्या हातात काही नव्हतं. म्हणून विकणाऱ्याला हे विचारा, दुरुस्ती कुठे होते, एकच सेल बदलून मिळतो का, तोवर दुसरं मशीन वापरायला देतात का, बॅटरी आपल्याला बदलता येते का की सील आहे. उत्तर लेखी घ्या. वापरताना हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, जेवून तसंच हात लावायचा नाही, आणि प्रवासात कव्हर.

राउटिंगची बटणं पण बघा. प्रत्येक सेलच्या वर एक छोटं बटण असतं, चुकलेल्या अक्षरावरचं दाबलं की कर्सर तिथेच. स्वस्तातल्या काही मशीनला ती नसतात, मग एकेक अक्षर मागे सरकत जा. नोट्स पुष्कळ झाल्या की फाईलमध्ये शब्द शोधता येणं आणि खूण ठेवता येणं, हे मला ब्लूटूथपेक्षा जास्त लागतं.

चोपड्याची_लेक

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचलं. पांझरा ताई, तुमचा आकड्यांचा किस्सा वाचून अंगावर काटा आला, हे कोणी सांगितलंच नसतं.

१४ सेलचं स्वस्त पडतं म्हणून मामांचा कल तिकडे होता. मी पाटीवर 'विद्यापीठाच्या' हा एकच शब्द लिहून मोजला, व, इ, हलन्त, द, य, आ, प, ई, ठ, आ, हलन्त, च, य, आ, बरोबर १४! एका शब्दात अख्खी ओळ संपली. इंग्रजीत ग्रेड टूमुळे, म्हणजे ब्रेलच्या संक्षेपांमुळे, शब्द आखडतात, मराठीत आपण सगळं पूर्णच लिहितो. मामांना तो कागद हातात देऊन ठिपके मोजायला लावले, आता तेच म्हणू राहिले २० च्या खाली नको.

एक राहिलं, परीक्षेत वापरू देतील का? लेखनिकाचा मला कंटाळा आलाय, मागच्या पेपरला मी सांगितलेली कवितेची ओळ त्याने त्याला कळली तशी लिहिली.

भुसावळकर_सर

२०१८ च्या केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये ब्रेल, कॉम्प्युटर वगैरे पद्धत निवडायचा पर्याय शक्यतो द्यावा असं होतं, तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळही त्यातच होता, आताच्या सूचना काय आहेत ते कॉलेजात विचारून घ्या. कॉलेजची अडचण एकच असते, मशीनमध्ये नोट्स असतील ही शंका. काही नोटटेकरमध्ये परीक्षा मोड असतो, त्यात जुन्या फाईली आणि इंटरनेट बंद राहतं. असा मोड आहे का विचारा आणि अर्ज आत्ताच द्या, परीक्षेच्या आठवड्यात कोणी ऐकत नाही.

आणि घ्यायच्या आधी रविवारी भुसावळला या. माझं मशीन दोन तास हाताळा, तुमची फाईल त्यावर टाकू, पाच ओळी लिहून माझ्या मुलाकडून वाचून घेऊ. जळगावहून अर्धा तास गाडी, स्टेशनला उतरलात की इथे मेसेज टाका, मुलगा प्लॅटफॉर्मवर येईल. पाटी बरोबर आणा, मशीन आलं तरी मी ती पिशवीतून काढलेली नाही.

चोपड्याची_लेक

येते सर. मामा पण येतील, त्यांना १६० पिना हाताने बघायच्यात.